मराठवाड्याच्या उन्हाळ्यात बोआच्या पेटीचे तापमान कसे राखावे?

दुधनाकाठ (परभणी जिल्हा) यांचा प्रश्न

नमस्कार. माझ्याकडे बोआ कन्स्ट्रिक्टर या परदेशी सापाची एक प्रौढ मादी आहे. तिची लांबी साधारण पाच फूट असून परदेशी प्रजातींच्या नोंदणीचे २०२४ चे नियम लागू झाल्यावर केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर तिची रीतसर नोंद केलेली आहे. पेटी प्लायवुडची आहे; चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच, समोर सरकत्या काचा आणि दोन्ही बाजूंना जाळीचे झरोके. एका टोकाला वरून सिरॅमिक हीटर बसवलेला आहे आणि तो थर्मोस्टॅटवर चालतो. हिवाळ्यात या व्यवस्थेने काम नीट चालले. उष्ण टोक ३१ अंशांवर आणि थंड टोक २५ अंशांच्या आसपास राहत असे.

अडचण मार्चअखेरीपासून सुरू झाली आहे. खोली वरच्या मजल्यावर, थेट स्लॅबखाली आहे. हीटर पूर्ण बंद असूनही संध्याकाळी सात वाजता पेटीचे थंड टोक ३४ अंश दाखवते आणि रात्री उशिरापर्यंत ते ३१ च्या खाली येत नाही. दुपारी खोलीतील आर्द्रता २० टक्क्यांच्या आत असते. साप दिवसभर पाण्याच्या भांड्यात वेटोळे घालून पडून राहतो. वाचायला मिळणारी बहुतेक माहिती थंड देशांतील पाळणाऱ्यांसाठी लिहिलेली आहे आणि तिच्यात पेटी तापवावी कशी एवढेच सांगितलेले असते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर जातो तेव्हा काय करायचे, हे कोठेही नीट सापडत नाही. बोआला किती तापमानापर्यंत धोका नसतो, खोलीत कूलर लावलेला चालेल का, आणि दुपारी भारनियमन असेल तर काय करावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

बालाघाट (अंबाजोगाई) यांचे उत्तर

आपण प्रश्न वेळेवर विचारलात, कारण आपल्या भागात पाळीव बोआ थंडीने क्वचित दगावतो. त्याला खरा धोका एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंतच्या उकाड्याचा असतो. प्रथम आकडे सांगतो. उष्ण टोकाची हवा ३१ ते ३२ अंश, तेथील बसण्याच्या जागेचा पृष्ठभाग ३३ ते ३५, थंड टोक २५ ते २७ आणि रात्री संपूर्ण पेटी २४-२५ च्या आसपास, हे या प्रजातीला मानवणारे प्रमाण आहे. थंड टोक ३० च्या पुढे जाऊ लागले की लक्ष घालावे, ३२ च्या वर टिकून राहिले तर त्याच दिवशी उपाय करावा, आणि सगळी पेटी ३५ च्या वर गेली तर ती आणीबाणी समजावी. म्हणजे आपली ३४ ही नोंद दुर्लक्ष करण्याजोगी नाही.

बोआ मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. तो उष्ण प्रदेशातला साप आहे म्हणून आपल्या उन्हाची त्याला सवय असेल, असा समज पुष्कळदा ऐकू येतो आणि तो अत्यंत घातक आहे. तिथल्या जंगलात तो सावलीत, पोकळ खोडात किंवा दुसऱ्या प्राण्याच्या बिळात दिवस काढतो. आपल्याकडचे सापही वेगळे काय करतात? मांडूळ मऊ मातीत खोल शिरते, धामण आणि नाग उंदरांच्या बिळांत किंवा काळ्या जमिनीच्या भेगांत दुपार घालवतात. तीन-चार फूट खोलीवर दिवस-रात्रीच्या तापमानातला फरक जवळजवळ पोहोचतच नाही. म्हणजे मराठवाड्यातला सापसुद्धा मराठवाड्याचे ४३ अंश अंगावर घेत नाही. तो त्यांपासून दूर जातो. पेटीतल्या सापाला असे कोठेही जाता येत नाही. म्हणून पेटीचे थंड टोक हेच त्याचे बीळ आहे असे धरून सगळी आखणी त्या टोकापासून सुरू करावी, उष्ण टोकापासून नव्हे.

यातून दुसरी गोष्ट आपोआप येते. थर्मोस्टॅट फक्त हीटर बंद करू शकतो, पेटी गार करू शकत नाही. खोलीच ३४ अंशांची असेल तर तिच्यातली पेटी कोणत्याही उपकरणाने २६ वर येणार नाही. उन्हाळ्यात पेटीपेक्षा खोली सांभाळावी लागते. आपली संध्याकाळची नोंदही स्लॅबचाच गुण दाखवते: दिवसभर ऊन प्यायलेले काँक्रीट ती उष्णता काही तासांनी खालच्या बाजूला सोडते, त्यामुळे वरच्या मजल्याची खोली भर दुपारपेक्षा दिवेलागणीला जास्त तापलेली असते. शक्य असेल तर जूनअखेरपर्यंत पेटी तळमजल्यावरच्या, उत्तरेकडे किंवा पूर्वेकडे भिंत असलेल्या खोलीत हलवावी. ते जमत नसेल तर गच्चीवर पांढऱ्या चुन्याचे दोन हात द्यावेत, आणि त्याहून चांगले म्हणजे पेटीवरच्या भागापुरता तुराट्यांचा किंवा शेडनेटचा मांडव घालावा. स्लॅबवर ऊनच पडले नाही तर रात्रीचा निम्मा प्रश्न सुटतो. खिडक्या सकाळी आठ-नऊला बंद करून रात्री उघडाव्यात.

कूलर अवश्य चालतो. किंबहुना आपल्या कोरड्या उन्हाळ्यात तो बोआसाठी एअर कंडिशनरपेक्षा सोयीचा आहे, कारण तो हवा गार करता करता आर्द्रताही वाढवतो. बाहेर ४२ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक २२ अंशांच्या आसपास उतरतो, आणि चांगल्या पॅडचा कूलर या फरकातला बराचसा भाग वसूल करून २७-२८ अंशांची हवा देऊ शकतो. मात्र कूलरमागची खिडकी उघडी हवी आणि समोरच्या बाजूने हवा बाहेर जायला वाट हवी, नाहीतर खोलीत नुसती दमट वाफ साठते. हवेचा झोत थेट पेटीवर घेऊ नये. प्लायवुडची पेटी आतली उष्णता लवकर सोडत नाही, म्हणून थंड टोकाच्या झरोक्यावर बारा व्होल्टचा संगणकातला लहान पंखा बसवून खोलीतली हवा हळूहळू आत ओढावी.

पाण्याचेही सांगायला हवे. भर उन्हात मध्यम कूलर तासाला आठ-दहा लिटर पाणी उडवतो. टँकरवर अवलंबून असलेल्या घरात हा खर्च मोठा आहे, त्यामुळे मोठी खोली गार करण्याच्या नादी न लागता लहान खोली आणि लहान कूलर निवडावा.

माळवद (तुळजापूर) यांचे उत्तर

बालाघाट यांचे म्हणणे मला पटते, फक्त जागेबद्दल थोडी भर घालतो. आमच्याकडे जुने माळवदाचे घर आहे. लाकडी तुळयांवर फळ्या आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर असे ते छत असते, भिंतीही रुंद असतात, आणि मे महिन्यात त्या खोलीचे तापमान शेजारच्या स्लॅबच्या खोलीपेक्षा कितीतरी स्थिर राहते. माझ्या बोआची पेटी दर उन्हाळ्यात तिथेच असते. आपल्या गावाकडे कोणाचे असे घर उभे असेल आणि रोज लक्ष घालणारे माणूस तिथे असेल, तर उन्हाळ्यापुरता तो पर्याय जरूर तपासावा. पत्र्याच्या खोलीत मात्र कोणत्याही कारणाने पेटी ठेवू नये.

आर्द्रतेसाठी कुंभाराकडून मिळणारा बिनझिलईचा मातीचा डेरा उत्तम. मोठा डेरा पाण्याचा शिडकावा करत टाइल कापण्याच्या पात्याने अर्धा कापावा, कडा घासून पूर्ण गुळगुळीत कराव्यात आणि सापाचे अंग सहज जाईल एवढे तोंड ठेवून तो थंड टोकाला पालथा घालावा. रोज सकाळी तो बाहेर काढून पाण्यात भिजवला की मातीच्या छिद्रांतून पाणी उडत राहते आणि आतली जागा दोन-तीन अंशांनी उतरते. हवा जितकी कोरडी तितका हा परिणाम जास्त. खाली नारळाच्या भुशाचा चार बोटे थर ओलसर ठेवावा, चिखल होऊ देऊ नये. बोआला साधारण ६० टक्के आर्द्रता लागते. ती २० टक्क्यांवर आली की कात तुकड्यातुकड्यांनी निघते, डोळ्यांवरचे कवच अडकून राहते, आणि ते नखाने ओढून काढण्याचा प्रयत्न केल्यास डोळ्याला इजा होते. मी याशिवाय दुपारी दोनच्या सुमारास पेटीत पाण्याची फवारणीही करतो.

दुधनाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. तळमजल्यावर उत्तरेकडची एक लहान खोली रिकामी होऊ शकते, तिथे पेटी हलवण्याची तयारी सुरू केली आहे. दोन गोष्टी अजून विचारायच्या आहेत. एक म्हणजे भारनियमनाच्या काळात इन्व्हर्टरवर कूलर किती वेळ चालेल? दुसरी म्हणजे हाच थर्मोस्टॅट कूलरलाही जोडता येईल का, की त्यासाठी वेगळे उपकरण लागते? परभणीत डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान दहा अंशांच्या खाली जाते, त्यामुळे हीटरची व्यवस्थाही पुढे तितकीच भरवशाची हवी आहे.

उबवणी (लातूर) यांचे उत्तर

मी अंडी उबवण्याच्या यंत्रांचे काम करतो. तिथे अर्ध्या अंशाचाही हिशेब द्यावा लागतो, म्हणून या भागाबद्दल सविस्तर लिहितो.

आपल्याकडे सर्वत्र मिळणाऱ्या एसटीसी-१००० प्रकारच्या कंट्रोलरमध्ये तापवण्यासाठी एक आणि गार करण्यासाठी एक असे दोन रिले (आपोआप चालू-बंद होणारे विजेचे स्विच) असतात, पण तापमान मोजणारा सेन्सर एकच असतो. आपल्याला उष्ण टोकाचा हीटर आणि थंड टोकासाठीचा कूलर अशा दोन वेगळ्या जागांवर नियंत्रण हवे आहे, म्हणून दोन कंट्रोलर घ्यावेत. हीटरच्या कंट्रोलरचा सेन्सर उष्ण टोकाला, सापाच्या पाठीच्या उंचीवर घट्ट बसवावा आणि ३१ अंशांवर, एका अंशाच्या फरकाने लावावा. कूलरच्या कंट्रोलरचा सेन्सर थंड टोकाला ठेवून २८ वर लावावा. कूलरची मोटर सुरू होताना जास्त प्रवाह ओढते, त्यामुळे तिला या लहान रिलेवर थेट न टाकता मधे कॉन्टॅक्टर, म्हणजे जास्त प्रवाह पेलणारा मोठा स्विच, घालून घ्यावा. हे काम माहितगार वायरमनकडूनच करून घ्यावे.

सेन्सरच्या जागेवर मी विशेष भर देतो, कारण यंत्र बिघडण्यापेक्षा सेन्सर सरकल्यामुळे जास्त अपघात होतात. पाच फुटांचा बोआ चांगला ताकदवान असतो आणि सैल तार तो सहज ओढतो. तो सेन्सर पाण्याच्या भांड्यात पडला तर कंट्रोलरला पेटी गार असल्याचे वाटते, हीटर अखंड चालू राहतो आणि पडद्यावरचा आकडा मात्र सुखरूप दिसत राहतो. दुसरा धोका रिले चिकटण्याचा. आपल्याकडे व्होल्टेज वर-खाली होत असते, आणि वारंवार चालू-बंद होणाऱ्या रिलेचे तोंड कधी ना कधी चिकटते. मग तो बंद होतच नाही. त्यासाठी हीटरच्याच तारेत ओळीने दुसरा स्वतंत्र थर्मोस्टॅट ३५ अंशांवर लावून ठेवावा. पहिला फसला तरी दुसरा वीज तोडतो. हीटरभोवती जाळीचा पिंजराही हवाच, कारण साप तापलेल्या वस्तूला चिकटून बसला तर भाजेपर्यंत तेथून हलत नाही. याच कारणाने विजेवर तापणारे कृत्रिम दगड घेऊच नयेत.

मोजमापासाठी किमान-कमाल नोंद ठेवणारे दोन साधे डिजिटल तापमापक दोन्ही टोकांना ठेवावेत. बंदुकीसारख्या दिसणाऱ्या तापमापकाने फक्त पृष्ठभागाचे तापमान कळते, हवेचे नाही. काच आणि चकचकीत पत्रा यांवर तर त्याचा आकडा अजिबात ग्राह्य धरू नये.

आता इन्व्हर्टर. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत १८०० वॅट-तास असतात, पण प्रत्यक्षात त्यातले दोन-तृतीयांशच हिशेबात धरावेत, म्हणजे सुमारे १२०० वॅट-तास. लहान कूलर १५० ते १८० वॅट घेतो. घरातले बाकीचे दिवे-पंखे धरूनही तीन-चार तास निघतात, आणि फक्त कूलर ठेवला तर सहा तासांपेक्षा थोडे जास्त. एअर कंडिशनर अशा इन्व्हर्टरवर चालत नाही, त्यामुळे ज्या गावात दुपारचे भारनियमन ठरलेले आहे तिथे केवळ त्याच्या भरवशावर राहणे मला धोक्याचे वाटते. वीज आणि बॅटरी दोन्ही गेली तर गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून थंड टोकाच्या जाळीबाहेर लावाव्यात; आत, सापाच्या अंगाला लागतील अशा ठेवू नयेत. फ्रीझरमध्ये अशा पाच-सहा बाटल्या मार्चपासूनच तयार असाव्यात.

हिवाळ्यात याच्या उलट. शंभर वॅटचा हीटर थर्मोस्टॅटवर मधूनमधून बंद होत असल्याने त्याच बॅटरीवर रात्र निघते. त्याशिवाय झरोके मोकळे ठेवून पेटीच्या तीन बाजूंना वाकळ गुंडाळली तर उष्णता टिकते.

पशुवैद्य, उदगीर यांचे उत्तर

वरील सल्ला बहुतांशी योग्य आहे. एका मुद्द्यावर मात्र माझे स्पष्ट मतभेद आहेत आणि दोन गोष्टी कोणीच लिहिलेल्या नाहीत.

मतभेद दुपारच्या फवारणीबद्दल. पेटीतली हवा आधीच ३३-३४ अंशांवर आहे आणि झरोक्यांतून फारसा वारा नाही, अशा वेळी पाणी फवारल्याने तापमान जेमतेम उतरते, पण कोंदट दमटपणा तासन्‌तास राहतो. ओल्या आणि गरम बिछाईत पोटाखालचे खवले सडू लागतात, नाकातोंडात जंतुसंसर्ग वाढतो. फवारणी करायचीच असेल तर पहाटे किंवा रात्री खोली गार झाल्यावर, तीही अर्ध्याच भागात करावी. माळवद यांच्या डेऱ्याची कल्पना मात्र मी माझ्याकडे येणाऱ्या साप पाळणाऱ्यांनाही सांगेन, कारण त्यात ओलावा एका जागी राहतो आणि तिथे जायचे की नाही हे साप ठरवतो.

आता न लिहिलेली पहिली गोष्ट. दुधनाकाठ यांचा साप दिवसभर पाण्यात बसतो याचे कारण उकाडा असण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे, पण तेवढेच धरून चालू नये. कात टाकण्याआधीही बोआ पाण्यात बसतो. त्या वेळी डोळे दुधाळ-निळसर दिसतात. आणि अंगावर सूक्ष्म गोचीड झाल्यावरही तो हेच करतो. पांढऱ्या ओल्या कापडाने त्याचे अंग हलके पुसून पाहावे, हनुवटीखाली आणि डोळ्यांच्या कडांना भिंगाने पाहावे. मोहरीहून बारीक काळे ठिपके हलताना दिसले तर तापमान सुधारून भागणार नाही, उपचार लागतील. तळमजल्यावर नेण्याआधीच ही तपासणी करावी, म्हणजे नवी जागा स्वच्छ राहील.

दुसरी गोष्ट उष्माघाताची लक्षणे. साप आधी अस्वस्थ होऊन सतत काचेवर नाक घासत फिरतो, मग तोंड उघडे ठेवतो, पुढे मान मागे वळते आणि उताणा केल्यास त्याला सरळ होता येत नाही. या शेवटच्या अवस्थेपर्यंत पोहोचलेले साप वाचणे कठीण असते. आधीच्या अवस्थेत दिसला तर त्याला ताबडतोब २६ अंशांच्या आसपासच्या खोलीत न्यावे, २५-२६ अंशांच्या उथळ पाण्यात डोके वर राहील असे ठेवावे आणि त्याच वेळी पशुवैद्याशी संपर्क साधावा. बर्फाचे पाणी कधीही वापरू नये. अचानक थंडीचा धक्का त्याला सोसत नाही. मान वळण्यासारखी लक्षणे बोआंमधील एका विषाणुजन्य आजारातही दिसतात, म्हणून शुद्धीवर आला तरी तपासणी टाळू नये. आपल्या भागात परभणी आणि उदगीर येथे शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारे डॉक्टर प्रत्येक तालुक्यात मिळत नाहीत, त्यामुळे कोणाकडे न्यायचे याची चौकशी आजच करून ठेवावी. साप आजारी पडल्यावर शोधाशोध करण्यात मोलाचे तास जातात. दुपारच्या उन्हात बंद गाडीतून नेऊ नये, पहाटे निघावे.

दुधनाकाठ

डॉक्टरसाहेब, आभारी आहे. आजच कापडाने पुसून पाहतो. एक शेवटची शंका आहे. या उकाड्यात तिला खाऊ घालावे का? ठरलेल्या वेळी उंदीर देण्याची वेळ या आठवड्यात येते आहे.

पशुवैद्य, उदगीर

या आठवड्यात देऊ नये. सापाचे पचन पूर्णपणे बाहेरच्या तापमानावर चालते, आणि गिळलेले भक्ष्य पचायला कित्येक दिवस लागतात. त्या काळात पेटी फार थंड झाली तर भक्ष्य पोटातच कुजते, आणि फार तापली तर साप ताणाखाली ते ओकून टाकतो. ओकताना शरीरातले पाणी आणि पाचक द्रव दोन्ही जातात, आणि पुन्हा सावरायला निदान दोन आठवडे उपास द्यावा लागतो. तिची प्रकृती चांगली असेल आणि समोर स्वच्छ पाणी असेल तर प्रौढ बोआ महिना-दीड महिना सहज उपाशी राहू शकतो. त्याबद्दल काळजी नसावी. लहान पिल्लांना मात्र एवढी सवलत नसते, त्यांचे पाणी लवकर कमी होते.

पेटी तळमजल्यावर गेल्यावर किमान-कमाल तापमापकावर रोज नजर ठेवावी. सलग आठवडाभर थंड टोक २९ च्या वर गेले नाही असे दिसल्यानंतर, नेहमीपेक्षा लहान आकाराचा एकच उंदीर, बर्फातला पूर्ण वितळवून, संध्याकाळी द्यावा आणि पुढचे चार-पाच दिवस तिला हाताळू नये. जूनमध्ये पहिला पाऊस झाला की विशेष सावध राहावे, कारण हवा दमट झाली की कूलरचा गारवा एकदम कमी होतो. बाहेर ३६ अंश आणि ६० टक्के आर्द्रता असेल तर तो ३०-३१ च्या खाली हवा देऊच शकत नाही. त्या दिवसांत कूलरचा पाण्याचा पंप बंद करून नुसता पंखा चालवावा, रात्री खिडक्या उघड्या ठेवाव्यात, आणि पाऊस स्थिरावून खोली स्वतःहून २८ वर येईपर्यंत पुढचा घास लांबणीवर टाकावा.